एक काठी कपाट : जपानी ‘तान्सु’ समजून घेताना

जपानमधल्या ओस पडलेल्या घरांच्या बातम्या हल्ली आपल्याकडेही सारख्या येतात. २०२३ सालच्या तिथल्या सरकारी पाहणीत सुमारे ९० लाख घरं रिकामी निघाली, म्हणजे देशातल्या एकूण घरांपैकी १३.८ टक्के. मग अशी जुनी घरं मातीमोल भावात घेणाऱ्यांचे व्हिडिओ आले. त्यांत कॅमेरा आतल्या खोलीत जातो, चटयांवर धूळ साचलेली असते आणि भिंतीशी एक काळपट लाकडी कपाट उभं असतं. त्याला पुष्कळ खण, कोपऱ्यांवर लोखंडी पट्ट्या, मधोमध भलंमोठं कुलूप. व्हिडिओ करणारा एखादा खण ओढतो, आतले किमोनो दाखवतो आणि पुढच्या खोलीत जातो. मला दर वेळी वाटतं, अरे थांब ना जरा, त्या घरातली सगळ्यात बोलकी वस्तू तीच आहे.

हेच कपाट परदेशी हॉटेलांत, सजावटीच्या मासिकांत, आता आपल्याकडच्या इंटिरिअरवाल्यांच्या फोटोंतही दिसतं. कुणी त्याला ‘जपानी चेस्ट’ म्हणतं, कुणी नुसतंच ‘अँटिक’. पण हे कपाट असं का दिसतं, त्याच्या अंगावर एवढं लोखंड कशाला, काही कपाटांना चाकं कशी, काही जिन्यासारखी का, हे क्वचितच कुणी सांगतं. सगळ्याचं उत्तर एका साध्या प्रश्नात आहे: हे उचलून न्यायचं कसं?

आधी नाव

जपानीत या कपाटाला ‘तान्सु’ म्हणतात. दुसऱ्या शब्दाला जोडून आला की ‘त’चा ‘द’ होतो. म्हणून जहाजावरचं ते ‘फुनादान्सु’, औषधांचं ते ‘कुसुरीदान्सु’. लाकडी, खणांचं किंवा दारांचं, वस्तू साठवायचं कपाट एवढाच त्याचा अर्थ. ‘खण’ हा शब्द मी ओढून बाहेर काढायच्या कप्प्यासाठी वापरतो आहे, टेबलाचा खण म्हणतो तसा.

हा शब्द जपानी बोलण्यात खोल मुरलेला आहे. बँकेत न ठेवता घरात दडवलेल्या पैशाला तिथे ‘तान्सु योकिन’ म्हणतात, म्हणजे कपाटातली ठेव. ३ जुलै २०२४ला जपानने नव्या नोटा आणल्या तेव्हा हा घराघरांतला पैसा आता बाहेर येईल का, याची तिथे चर्चा झाली. हौसेने घेतलेले पण वर्षानुवर्षं न घातलेले कपडे म्हणजे ‘तान्सुचं खत’. हे ऐकून आपल्यातल्या बऱ्याच जणींना आपलं कपाट आठवेल.

काठीने मोजायचं कपाट

मराठीत पाणी ‘दोन कावडी’ मोजतात. पाणी काही कावडीच्या आकाराचं नसतं, पण ते जसं वाहून आणलं तसं मोजलं गेलं. जपानीत वेगवेगळ्या वस्तू मोजायला वेगवेगळे शब्द लागतात, आणि तान्सु मोजायचा शब्द आहे ‘साओ’, म्हणजे काठी, बांबूचा दांडा. एक काठी कपाट, दोन काठ्या कपाट. आजही हीच मोजणी बरोबर मानली जाते.

कारण तान्सु दांड्यावरून न्यायचं. जुन्या कपाटाच्या दोन्ही बाजूंना, वरच्या अंगाला लोखंडी कड्या असतात. एरवी त्या खाली पडून राहतात. न्यायचं असलं की त्या वर उचलायच्या, दोन्हींतून दांडा घालायचा आणि पुढे एक, मागे एक असे दोघे खांद्यावर घेऊन चालू लागायचे. मेणा उचलावा तसं.

आपल्या घरातलं गोदरेजचं कपाट एकदा ठेवलं की ते पुन्हा हलतं ते घर बदलताना, तेही चार माणसांच्या शिव्या खाऊन. तान्सु मात्र जन्मापासूनच हलायचं होतं. त्याची मोठी कपाटं बहुधा दोन भागांत असतात, एकावर एक ठेवलेली. वरचा भाग उचलला की दोन सुटी ओझी होतात. कोपऱ्यांवरचं लोखंड आधी कोपरे फुटू नयेत म्हणून आलं. ते सुंदर नंतर झालं. भरल्या खणांसकट उचलल्यावर खण घसरून पडू नयेत म्हणून कुलपं आणि आडव्या पट्ट्या आल्या. नुसती शोभा वाटणारी वस्तू जवळून पाहिली की प्रवासाच्या तयारीत असलेल्या माणसासारखी दिसू लागते.

खण आले कुठून?

खणांचं कपाट येण्याआधी जपानी लोक सामान ठेवत ते पेट्यांत. ‘नागामोची’ नावाची एक लांबलचक, वरून झाकण असलेली पेटी असे. अंथरुणं-पांघरुणं, कपडे, सगळं तिच्यात. आपल्याकडच्या पेटाऱ्याचा किंवा ट्रंकेचा अनुभव असेल त्याला तिचा त्रास सांगायला नको. हवी ती साडी नेहमी तळाशी असते आणि ती काढायला वरचं सगळं बाहेर येतं.

खण हा त्यावरचा उपाय. पण खण बनवणं स्वस्त नाही. पेटीला सहा फळ्या लागतात, तर पाच खणांच्या कपाटाला बाहेरचा सांगाडा आणि वर पाच उथळ पेट्या. त्यासाठी पातळ, सरळ, सारख्या जाडीच्या फळ्या भरपूर हव्यात. जपानमध्ये पूर्वी पाचर ठोकून ओंडका फाडत आणि फळ्या काढत, त्यात लाकूड फार वाया जाई. दोघांनी ओढायची मोठी करवत आणि ठोकळ्यात पातं बसवलेला रंधा पंधराव्या शतकाच्या आसपास आले, पुढे सगळीकडे पसरले, आणि तेव्हा कुठे पातळ फळी आवाक्यात आली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, ओसाकासारख्या व्यापारी शहरांत, खणांचं तान्सु दिसू लागतं. त्याच सुमारास सुती कापड वाढलं आणि शहरी माणसाकडे एकाहून जास्त कपडे आले. ठेवायला काही असल्याशिवाय कपाट कोण करून घेईल?

खणांचं माप ठरलं ते कपड्याच्या घडीवरून. किमोनो शिवायचा कापडाचा तागा साधारण ३६ ते ३८ सेंटिमीटर रुंद आणि बारा-एक मीटर लांब. तो सरळ पट्ट्यांत कापतात, गोलाई कुठेच नाही, त्यामुळे उसवला तर पुन्हा सपाट कापड होतं आणि घडी घातली तर चपटा लांबट आयत. टांगायची गरजच नाही. म्हणून कपड्यांच्या तान्सुचे खण रुंद आणि उथळ. पैठणी मलमलीत गुंडाळून आडवी ठेवतात ना, तसा तिथे किमोनो खास कागदात बांधून आडवा ठेवतात. म्हणजे विणकराच्या मागाने तागा ठरवला, ताग्याने घडी आणि घडीने कपाट.

१६५७ची आग आणि चाकांची कपाटं

आता थोडं मागे, एदो शहरात. एदो म्हणजे आजचं टोकिओ. शहर लाकडाचं आणि कागदाचं, वस्ती दाट, हिवाळ्यात कोरडा वारा. ‘आगी आणि भांडणं ही एदोची फुलं’ अशी तिथे म्हणच होती. आग लागली तर पळायचं, आणि शक्य तेवढं सामान घेऊन पळायचं.

सुखवस्तू घरांनी यावर एक हुशार तोड काढली होती. मोठ्या पेटीला खालून चार लाकडी चाकं लावायची. आग आली की पेटी ढकलत रस्त्यावर आणायची. एका घरापुरता विचार केला तर यात काहीच चूक नव्हती.

१६५७ साली ‘मेइरेकी’ची आग लागली आणि शहराचा मोठा भाग जळाला. मृतांचा आकडा लाखाच्या घरात सांगितला जातो. त्या दिवशी हजारो लोक आपापल्या चाकांच्या पेट्या घेऊन बाहेर पडले. अरुंद गल्ल्या, पुलांची तोंडं, वेशी पेट्यांनी तुंबल्या. मागून येणाऱ्यांना पुढे जाता येईना. सामान वाचवायला लावलेल्या चाकांनी माणसांची वाट अडवली. पुढे १६८३ साली एदो, क्योतो आणि ओसाका या तिन्ही शहरांत चाकांच्या पेट्यांवर बंदी आली.

तान्सुच्या इतिहासात माझं मन सगळ्यात जास्त इथे अडकतं. त्या काळात नेमकं कशामुळे काय बदललं याची साखळी कुणी ओळीने लिहून ठेवलेली नाही, पण दिशा दिसते. शहरांत एका अवाढव्य पेटीपेक्षा दोन माणसांनी खांद्यावर नेता येतील अशी छोटी, हलकी, सुटी कपाटं सोयीची ठरत गेली. चाकांची कपाटं गावाकडे आणि व्यापाऱ्यांच्या कोठारांत टिकली. जाड मातीच्या भिंतींच्या या कोठाराला ‘कुरा’ म्हणतात. आज बाजारात दिसणारं चाकांचं तान्सु बहुतेक अशाच कोठारातून आलेलं असतं.

किरी : कापसासारखं लाकूड

हलकं हवं म्हटल्यावर लाकडाचा प्रश्न आला, आणि जपानकडे त्याचं फार सुंदर उत्तर होतं. ‘किरी’ नावाचं झाड. जांभळट फुलांचं, भराभर वाढणारं. सुकलेल्या किरीची घनता साधारण ०.३, म्हणजे त्याच मापाच्या पाण्याच्या वजनाचा जेमतेम तिसरा हिस्सा. आपला साग याच्या दुपटीहून जड. किरीचा खण हातात घेतला की तो रिकामा आहे हे माहीत असूनही शंका येते: अरे, हा एवढा हलका कसा?

जपानी घरात किरीला मान मोठा. पाचशे येनच्या नाण्यावर किरीची फुलं-पानं आहेत, पंतप्रधानांच्या कार्यालयाचं चिन्हही तेच. मुलगी जन्मली की अंगणात किरी लावायची आणि तिच्या लग्नात ते तोडून तान्सु करायचं, अशी रीत होती. पंधरा-वीस वर्षांत झाड कपाटाजोगतं होतं आणि मुलगी लग्नाजोगती. ते कपाट कपड्यांनी भरून वरातीबरोबर सासरी जायचं. आपल्याकडे रुखवत मांडतात, तिथे ते दांड्यावर घेऊन रस्त्याने मिरवत नेत. एका झाडावर एवढं ठरवून टाकलेलं त्या मुलीला काय वाटत असेल, हे मात्र कपाट सांगत नाही.

किरीच्या फळ्या लगेच वापरत नाहीत. दोन-तीन वर्षं उघड्यावर उभ्या करून ऊन-पाऊस खाऊ देतात, म्हणजे लाकडातला काळा करणारा अर्क धुऊन जातो. मग फळ्या दातात दात अडकवून जोडतात आणि लाकडाच्याच बारीक खिळ्यांनी पक्क्या करतात. लोखंडी खिळा गंजतो आणि किरीला डाग पाडतो, लाकडी खिळ्याचं तसं नाही.

चांगल्या किरी तान्सुची परीक्षा अशी: उघडा राहिलेला एक खण हळूच आत ढकला, दुसरा एखादा खण आपोआप थोडा पुढे येतो. फटी इतक्या कमी की दाबलेली हवा दुसरीकडून वाट काढते. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा आत कुणीतरी बसून खण ढकलतंय असं वाटलं होतं.

लाकूड आगीत कसं टिकेल?

ही शंका अगदी रास्त आहे. किरी जळतं, जळत नाही असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण ते कसं जळतं ते महत्त्वाचं. त्याच्या आत हवेचे बारीक बंद कप्पे असतात, त्यामुळे उष्णता आत शिरायला वेळ लागतो. बाहेरचा थर कोळसा होतो आणि तोच आतल्या भागाला काही काळ पांघरूण होतो. शिवाय आग विझवताना पाणी पडलं की किरी फुगतं, खणांच्या फटी घट्ट होतात आणि पाणी आत जात नाही. बाहेरून काळं ठिक्कर पडलेल्या तान्सुत किमोनो शाबूत सापडल्याच्या, पुरात कपाट तरंगत गेल्याच्या आणि आतले कपडे कोरडे निघाल्याच्या गोष्टी जपानमध्ये घरोघर सांगतात. प्रत्येक गोष्टीची खात्री कोण देणार? लाकडाचा गुण मात्र खरा आहे.

ज्या दमट हवेत रेशमाला बुरशी येते तिथे हेच फुगणं-आकसणं रोज कामी येतं. पावसाळ्यात खण घट्ट, कोरड्या दिवसांत सैल. कपाट स्वतःच दार लावतं आणि उघडतं.

कप्तानाची पेटी

याचा कळस पाहायचा तर जहाजावर जायला हवं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत ‘कितामाएबुने’ नावाची व्यापारी जहाजं ओसाकाहून निघून जपानच्या पश्चिम किनाऱ्याने उत्तरेला होक्काइदोपर्यंत जात. जाताना तांदूळ, मीठ, दारू, कापड. येताना समुद्री शेवाळ आणि हेरिंग माशाचं खत. हे जहाजमालक नुसतं भाडं कमवत नसत, बंदरा-बंदरांत स्वतः खरेदी-विक्री करत. त्यामुळे जहाजावर रोकड असे, परवाने, हिशेबाच्या वह्या आणि शिक्के असत. हे सगळं ठेवायची ती फुनादान्सु. सादो बेटावरचं ओगी, साकाता आणि मिकुनी ही तिची नावाजलेली ठिकाणं.

दिसायला लहानशी पेटी, दोन हातांत मावेल एवढी. पण उचलायला गेलं तर दम लागतो. बाहेरून ‘केयाकी’चं लाकूड. हे झाड आपल्या वावळ्याच्या कुळातलं, त्याचं लाकूड जड, कठीण, आणि त्यावर लाटांसारख्या रेषा. समोरचा भाग जाड लोखंडी पट्ट्यांनी इतका मढवलेला की मधून लाकूड डोकावतं तेवढंच. आत मात्र सगळे खण किरीचे. म्हणजे बाहेर चिलखत, आत होडी. जहाज बुडायला लागलं तर ही पेटी समुद्रात टाकायची. किरी पाण्याने फुगून घट्ट होतं आणि पेटी तरंगत राहते, अशी तिची रचना आणि तशी तिची ख्याती.

चोरासाठी केलेली तयारी वेगळीच. कुलूप उघडलं तर आत एक दार, त्यामागे खण. खण पूर्ण बाहेर काढला तर तो बाकीच्यांपेक्षा आखूड आहे हे लक्षात येतं. मागच्या पोकळीत हात घालून एक फळी सरकवली की दुसरी पेटी निघते, आणि कधी कधी त्या पेटीलाही खोटा तळ असतो. कुठली फळी कुठल्या दिशेने सरकते हे मालकाला ठाऊक, आणि ज्याने ती केली त्या कारागिराला.

बंदरात उतरल्यावर मालक ही पेटी घेऊन व्यापाऱ्याच्या पेढीवर जाई आणि समोर ठेवून बोलणी करी. म्हणून तिच्यावर एवढी कारागिरी. पेटी बघून माणसाची ऐपत कळे.

बाकीची भावंडं

दुकानाच्या गादीजवळ असे ते ‘चोबादान्सु’, वह्या, शाई आणि पैसे ठेवायचं, आपल्या जुन्या पेढीवरचा गल्ला आणि दप्तर एकत्र केल्यासारखं. कुसुरीदान्सुला डझनावारी इवले खण, प्रत्येकावर औषधाचं नाव. काष्ठौषधींच्या दुकानात जुनी मांडणी पाहिली असेल त्याला हे लगेच ओळखू येईल. ‘मिझुया’ स्वयंपाकघरातलं, सरकत्या दारांचं, भांड्याकुंड्यांचं. तलवारींसाठी लांब उथळ खणांचं वेगळं तान्सु असे.

जिन्याचं तान्सु मात्र थोडा वेळ मागतं. पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीच्या पोटात खण किंवा दार. छोट्या शहरी घरात वरच्या माळ्यावर जायला जिना हवा, पण जिन्याखालची जागा फुकट घालवणं परवडत नाही. तेव्हा जिनाच कपाट करून टाकला. आणि तोही अनेकदा सुटा, दोन भागांत उचलता येणारा. मुंबईच्या चाळीत वाढलेल्या माणसाला या हुशारीचं मोल वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

सगळ्यांत देखणी कपाटं उशिराची

जुनं ते जास्त सजवलेलं, असं आपण धरून चालतो. इथे उलटं आहे. एदो काळात, म्हणजे एदोहून शोगुन हे लष्करी सत्ताधीश राज्य करत तेव्हा, कोणत्या थराच्या माणसाने किती थाट करायचा यावर सरकारी बंधनं असत. १८६८ साली ती राजवट गेली, मेइजी काळ सुरू झाला, आणि गावोगावच्या सुखवस्तू शेतकऱ्यांनी, व्यापाऱ्यांनी मनासारखी कपाटं करून घेतली. १८७६ साली तलवार बाळगायला बंदी आली आणि तलवारींच्या धातुकामावर जगणाऱ्या कारागिरांचा धंदा बसला. त्यातल्या काहींचे हात कपाटांच्या लोखंडाकडे वळले. ईशान्य जपानमधल्या सेंदाई शहराच्या तान्सुवरचे ड्रॅगन, सिंह आणि फुलं पाहिली की हे पटतं. छिन्नीने पत्र्याला दिलेला तो उठाव नुसत्या कुलूपवाल्याचा वाटत नाही.

सेंदाई तान्सुवर रंग नसतो, असते ‘उरुशी’. उरुशी म्हणजे एका झाडाचा चीक, पारदर्शक थरांत चढवलेला, खालच्या रेषा दाखवणारा. हे झाड आपल्या बिब्ब्याच्या, काजूच्या आणि आंब्याच्या कुळातलं. बिब्बा अंगावर उततो तशी कच्ची उरुशीही उतते. आणि ती वाळते दमट हवेत, कोरड्या हवेत नाही. कारण ती सुकत नसते, हवेतल्या ओलाव्याच्या मदतीने घट्ट होत असते. एकदा कडक झाली की पाणी तिचं काही करू शकत नाही. ऊन मात्र करतं.

एवढं चांगलं आहे तर जपानी लोक टाकून का देतात?

कारण जगणं बदललं. कपडे टांगायचे झाले, किमोनो लग्नाकार्यापुरता उरला, फ्लॅटमध्ये भिंतीतलीच कपाटं आली. चाळीस सेंटिमीटर खोल, वीतभर उंचीच्या खणात कोट मावत नाही. मुलं शहरात, आईवडील गेले, गावचं घर बंद; आणि मग ते घर रिकामं करायला आलेले लोक तान्सु उचलून नेतात, कधी लिलावाला, कधी मोडीत. त्यात भूकंपाची भीती. १९९५ साली कोबेच्या भूकंपात घरं कोसळून आणि जड सामान अंगावर पडून माणसं गेली. एकावर एक ठेवलेलं दोन भागांचं कपाट हादऱ्यात सरकतं. ज्यांनी ते पाहिलं त्यांना उशाशी तान्सु नको वाटलं तर त्यांना नावं कशी ठेवणार? जी घरं ठेवतात ती आता कपाटाच्या माथ्यावर आणि छताच्या मध्ये दोन दांडे घट्ट अडकवतात. दांडा पुन्हा आला, यावेळी कपाट हलू नये म्हणून.

खरं जुनं कसं ओळखायचं?

‘एदोकालीन’ असं सांगून विकलेली बरीच कपाटं मेइजीतली किंवा त्यानंतरची असतात. त्यात कमीपणा काही नाही, पण दाम तसा द्यावा. समोरचा भाग बघून काही कळत नाही. खण पूर्ण बाहेर काढा आणि उलटा करा. जुने लोखंडी खिळे हाताने घडवलेले, चौकोनी असतात. गोल, तारेचे खिळे मेइजी काळात पश्चिमेकडून आले. खणाच्या तळाच्या कडा वर्षानुवर्षं घासून झिजलेल्या दिसायला हव्यात, आणि ज्या पट्टीवर खण सरकतो ती पट्टीही तशीच झिजलेली हवी. एक झिजलेलं आणि दुसरं कोरं असेल तर काहीतरी बदललं आहे. कडीखालचं लाकूड पहा, तिथे हातांनी केलेला खळगा असतो. मागच्या फळ्या बहुतेक साध्या ‘सुगी’च्या, म्हणजे जपानी देवदारसदृश लाकडाच्या. त्यांना पॉलिश नसतं आणि नसावंच.

कोरियातली जुनी पेटी तान्सु म्हणून विकलेलीही दिसते. तिच्या समोरच्या बाजूचा वरचा अर्धा भाग बिजागरीवर खाली उघडतो. ती स्वतःच्या परीने मोठी सुंदर वस्तू आहे, तिला तिच्याच नावाने घ्यावं.

रंधा मारला की जुनेपण जातं का?

यावर माझं मत पक्कं आहे, आणि ते अँटिकवाल्यांना फारसं आवडत नाही. पाश्चात्त्य बाजारात जुन्या लाकडाचा थर खरवडणं म्हणजे किंमत घालवणं. केयाकीच्या, उरुशी दिलेल्या तान्सुबद्दल मी ते मानतो. पण किरीच्या तान्सुची गोष्ट वेगळी. ते मुळात पुन्हा रंधायला केलेलं असतं. आजीचं काळवंडलेलं कपाट कारागिराकडे जातं. तो लोखंड उतरवतो, चिरा किरीच्याच चिपांनी भरतो, पाण्याने चेपलेले खड्डे फुगवून वर आणतो, सगळीकडून हलका रंधा मारतो आणि दगडाची बारीक माती व अल्डर नावाच्या झाडाच्या फळांचा काढा लावून पुन्हा रंग देतो. नातीच्या घरी परत जातं ते जवळजवळ नवं कपाट. फळी जाड ठेवली होती ती याचसाठी. नीगाता प्रांतातलं कामो हे गाव किरी तान्सुचं माहेरघर, आणि तिथे हे दुरुस्तीचं काम आजही चालतं. अशा कपाटाला ‘हात लावू नका’ म्हणणं म्हणजे नऊवारीला पुन्हा कधी पाणी लावू नका म्हणण्यासारखं आहे.

आपल्या हवेत टिकेल का?

कोकण-गोव्याच्या दमटपणाला तान्सु घाबरत नाही, जपानचा उन्हाळाही घामेजलेलाच असतो. त्याला त्रास होतो तो एसीच्या कोरड्या झोताचा आणि उन्हाच्या तिरिपेचा. एसीसमोर ठेवलेलं तान्सु आकसतं, मागच्या फळ्या तडकतात. खिडकीतल्या उन्हात उरुशी निस्तेज होते. वाळवीसाठी मात्र काळजी घ्यायलाच हवी, कारण मागची फळी आणि तळ मऊ लाकडाचे असतात. खाली लाकडी ठोकळे द्या आणि वर्षातून दोनदा खण काढून आत बॅटरी मारून बघा. पावसाळ्यात खण अडकला तर ओढाताण करू नका, तेल तर मुळीच नको. कोरड्या दिवसाची वाट पहा, तो स्वतः सुटेल. दोन भागांचं असेल तर वरचा भाग खालच्याला मागून पट्टीने जोडून घ्या, घरात लहान मुलं असतील तर नक्की.

आणि बाजूच्या कड्या भिंतीला लागतात म्हणून कुणी त्या काढून द्यायला निघालं तर नको म्हणा. कपाट दोन बोटं पुढे ओढून ठेवलं की झालं. मागे हवा खेळायलाही तेवढी जागा लागतेच.